बारावी रिंग

मंगळवार, ४ मार्च २०२५
गॅसवाला आजही आला नाही. ऊन कडक. लिंबाचं लोणचं हलवलं. पूर्णिमा ताक घेऊन आली, चेहरा उतरलेला. म्हणाली, समाधान तीन दिवस धड जेवत नाहीत. संध्याकाळी ते जिन्यात भेटले तेव्हा मीच विचारलं. म्हणाले, "काकू, इंजिनाची एक रबरी रिंग सापडत नाही. लॉट नंबर ७४१९." बारा होत्या, अकरा मिळाल्या.

एवढं लिहून प्रेमलाबाई सातपुत्यांनी पेनाला टोपण लावलं. वय शहात्तर, त्यातली चौसष्ट वर्षं रोजची डायरी. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट यांनी मुलींना दोन नियम घालून दिले होते. पानावर आधी तारीख, बाकी जग नंतर. आणि लिहिलेलं पान कधी फाडायचं नाही. वर्गातल्या बाकीच्या मुली मोठ्या होऊन हे विसरल्या आणि सुखाने संसाराला लागल्या. प्रेमलाबाई विसरल्या नाहीत. यजमान होते तेव्हा म्हणत, "हिच्याशी भांडायचं तर वकील लावावा लागतो." यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. भांडायला कुणी उरलं नाही, पण पुरावे मात्र रोज जमा होत राहिले.

नुसतं लिहूनही त्यांचं भागत नसे. औषधाच्या रिकाम्या पट्टीचा तुकडा, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचं कार्ड, नव्या छत्रीचं लेबल, सगळं त्या त्या दिवसाच्या पानावर डिंकाने चिकटवलेलं असे. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे सेक्रेटरीसुद्धा त्यांनाच येऊन विचारत. नंतर विचारेनासे झाले, कारण उत्तर खरं मिळत असे.

वरच्या मजल्यावरचे समाधान इंगोले म्हणजे दुसरा नमुना. मूळचे वाशीमकडचे, पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली. मांजरीच्या पुढे, उसाच्या शेतांपलीकडे एक खासगी धावपट्टी आहे. तिथे शिकाऊ वैमानिकांची चार छोटी विमानं उभी असतात. त्यांची देखभाल करणाऱ्या कार्यशाळेत समाधान इंजिनांचे मेकॅनिक. विमानाच्या कामात भाग मोडण्याची वाट कुणी पाहत नाही. ठरलेले तास भरले, की चांगला चालणारा भागही काढून नवा बसवतात. माणसाने ही शिस्त कामावर पाळावी आणि घरी येताना तिथेच ठेवून यावी. समाधान ती डब्याच्या पिशवीतून घरी आणत.

त्यामुळे त्यांच्या बायकोचा, पूर्णिमाचा कुकर उत्तम शिट्ट्या देत असतानाच त्याचा रबर बदलला जाई. सोसायटीच्या लिफ्टच्या दारातून कसलासा आवाज आला, तेव्हा समाधाननी तिला कामावरच्या पद्धतीने तांबडी चिठ्ठी बांधली : "वापरू नये." चार दिवस सगळी इमारत जिने चढली आणि चढता चढता त्यांचं नाव घेत राहिली. पाचव्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि दाराची दोरी निम्मी तुटल्याचं त्याने दाखवलं. त्याबद्दल समाधानचे आभार मानायचं मात्र राहून गेलं.

प्रेमलाबाईंच्या स्वयंपाकघरातही त्यांची धाड पडलेली होती.

"काकू, या गॅसच्या नळीवर तारीख काय आहे?"

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"मला दिसते आहे ना. संपून चार महिने झाले."

"अहो, पण चालते आहे!"

"अपघात चालत्याच वस्तूंना होतात, काकू. बंद पडलेल्यांचा काही त्रास नसतो."

नळी त्याच दिवशी बदलली गेली. प्रेमलाबाईंनी तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, "समाधानचं म्हणणं बरोबर. आवाज अकारण मोठा."

तर अशा माणसाची रिंग हरवली होती.

झालं होतं असं. गेल्या आठवड्यात विमान सुरक्षेच्या कार्यालयातून सक्तीचा आदेश आला. इंजिनात पेट्रोल गाळणारी एक गाळणी असते. तिच्या झाकणाखाली आणि पेट्रोलच्या इतर सांध्यांतही करंगळीत बसेल एवढी रबरी ओ-रिंग असते. ७४१९ या लॉटचं रबर उष्णतेने कडक होऊन तडकत होतं. तडा गेला की पेट्रोल झिरपणार, ते खालच्या तापलेल्या नळीवर पडणार, आणि हवेत असताना इंजिन पेट घेणार. म्हणून त्या लॉटची प्रत्येक रिंग पुढच्या उड्डाणाआधी काढा, नवी बसवा, आणि काढलेल्या सगळ्या मोजून परत पाठवा. एकही कमी चालणार नाही.

कार्यशाळेत त्या लॉटच्या बारा रिंगा आल्या होत्या. बाराही समाधानच्या सहीने स्टोअरमधून निघालेल्या. चारही विमानं उघडली, अकरा सापडल्या. बारावी कुठल्या सांध्यात बसली असेल कोण जाणे, म्हणून समाधान तीन दिवस एकेक इंजिन पुन्हा पुन्हा उघडत होते. विमानं जमिनीवर, मुलांच्या परीक्षेची उड्डाणं रद्द. आणि येत्या एक एप्रिलला समाधानना तपासनीसाचा शिक्का मिळायचा होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या शिक्क्याखाली काम केल्यावर स्वतःच्या नावाचा पहिला शिक्का. बायकोने त्या दिवसासाठी श्रीखंडाचा चक्का टांगायला दही आधीच सांगून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी प्रेमलाबाई गॅस एजन्सीशी भांडायच्या तयारीला लागल्या. मागचे सिलिंडर कोणकोणत्या तारखांना आले, ते काढायला त्यांनी गेल्या वर्षीची डायरी उघडली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. बुधवार, ९ ऑक्टोबरच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"स्वयंपाकघरातल्या नळाच्या मानेतून पाणी येत होतं. समाधाननी ओ-रिंग बदलली. दहा मिनिटांचं काम. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाले. रिंगेचं पाकीट केराच्या डब्यात टाकून गेले. लेबल छापील आणि सुबक, म्हणून काढून घेतलं."

खाली ते सुबक लेबल होतं. त्यावर, कॉन्व्हेंटच्या मुलीलाही हेवा वाटावा अशा ठळक अक्षरांत, लॉट ७४१९.

प्रेमलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठून नळ सोडला. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. एक थेंब नाही. पाच महिने तो नळ शहाण्या मुलासारखा वागत होता आणि त्यांना त्याचं कौतुक होतं. आता त्याच्याकडे पाहवेना.

गॅस एजन्सी त्या दिवशी वाचली.

संध्याकाळी त्यांनी समाधानना खाली बोलावून घेतलं. ते धावतच आले. "वास येतो आहे का गॅसचा?"

"गॅसच नाही, वास कुठला? बसा. विजेच्या शेगडीवरचा चहा घ्या. आज बिस्किटही घ्या, लागेल."

डायरी त्यांनी समोर ठेवली. समाधाननी वाचलं. बिस्किट चहात बुडवलेलं होतं, ते तुटून तळाशी गेलं तरी त्यांचा हात तसाच. बावीस वर्षांची पुणेरी मराठी क्षणात उतरली आणि वाशीम बाहेर आलं. "काऊन लिहिता हो काकू तुम्ही सगळं?"

"आठवलं का?"

आठवलं होतं. एक रिंग बसवताना त्यांच्या हातातून निसटून जमिनीवर पडली होती. जमिनीवर पडलेली रिंग इंजिनात जात नाही, हा नियम. ती कात्रीने कापायची, भंगाराच्या पेटीत टाकायची आणि वहीत नोंद करायची, हाही नियम. समाधाननी दुसरी घेऊन इंजिनात बसवली. पडलेली पाकिटात ठेवली आणि कात्री हातात घेतली.

"नवी कोरी होती, काकू. साधा ओरखडाही नव्हता. कापायची म्हणजे... नाही झालं माझ्याच्याने. त्याच दिवशी सकाळी तुम्ही नळाचं म्हणाला होतात. पाकीट खिशात टाकलं. नोंद उद्या करू म्हटलं आणि विसरलो."

"लिफ्टला चिठ्ठी बांधणारे ते तुम्हीच ना?"

समाधान चहाच्या तळातलं बिस्किट चमच्याने शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "आप्पासाहेब आज म्हणाले, उद्या अकरापर्यंत नाही मिळाली तर 'भंगारात नष्ट' असं लिहू आणि मोकळे होऊ."

आप्पासाहेब म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख. प्रेमलाबाईंना लगेच समजलं. समाधाननी तोंड मिटून उद्याचे अकरा वाजू दिले, तर कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. रिंग तर नळातच होती. विमानं उडतील, मुलं पास होतील, चक्का टांगला जाईल.

"काकू, ही डायरी कोण वाचतं?"

"कुणी नाही. मी तुमच्याबद्दल कुठे बोलणारही नाही. मी फक्त लिहिते."

हे आश्वासन आहे की धमकी, ते समाधानना नीट कळलं नाही. बहुधा प्रेमलाबाईंनाही नाही. ते उठले, ओट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि नळाकडे पाहत राहिले.

"तसं लिहू दिलं, तर एक तारखेपासून दुसऱ्यांच्या नोंदी मी तपासायच्या," ते म्हणाले. "शिक्का उचलला की दर वेळी हा नळ दिसेल. पाना आहे का तुमच्याकडे?"

"तुमचाच आहे. सोळा ऑगस्टला विसरून गेला होतात."

"तेही लिहिलं आहे?"

"चित्र काढलं आहे."

गुरुवारी सकाळी दोघं रिक्षाने निघाले. समाधानच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रिंग, तिला तांबडी चिठ्ठी. प्रेमलाबाईंच्या मांडीवर डायरी. त्यांनी बरोबर यायची काहीच गरज नव्हती. लेबलाचा फोटो पुरला असता. पण फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता आणि डायरी घराबाहेर एकटी जात नसे.

कार्यशाळेत गुणवत्ता पाहणारी ऋतुजा नावाची तरुण इंजिनिअर होती. तिने पान पाहिलं आणि खुर्चीतून उठलीच. "ओ माय गॉड, आजी, हे तर ओरिजिनल लेबल आहे! डेट पण आहे! हे पेज मला फाईलला लागेल."

"पान फाडत नाहीत."

"फक्त एकच पेज..."

"झेरॉक्स काढा. मी शेजारी उभी राहते."

आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते गृहस्थ मूळचे पेठेतले. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटत असे.

"म्हणजे इंगोले, चार विमानं पोट उघडं टाकून पडली आहेत, मुलं मला रोज फोन करताहेत, आणि रिंग यांच्या ओट्यावर भांडी घासत होती."

"भांडी मी घासते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "ती फक्त पाणी अडवत होती."

"अडवलं?"

"थेंबही गळला नाही."

"वा! आमच्या ताफ्यात उडायच्या लायकीचा एवढा तुमचा नळच दिसतो."

समाधान हसले नाहीत. ऋतुजाने इंजिनांतून काढलेल्या अकरा रिंगा टेबलावर मांडल्या होत्या. तिने एक चिमट्यात धरून भिंगाखाली ठेवली आणि त्यांना पाहायला सांगितलं. मग आणखी एक. मग प्रेमलाबाईंनीही पाहिलं. काळ्या रबरावर केसासारखी बारीक रेघ होती. बाकी रिंग अगदी नवी. अकरांपैकी दोन तशा. यांतली एक ज्या विमानात होती, त्याच विमानाने गेल्या शनिवारी एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडाली होती, असं ऋतुजा म्हणाली.

बारावी रिंग शेवटी मांडली गेली. गार पाण्यात राहिल्यामुळे ती मऊसूत होती. ऋतुजाने बारा मोजल्या, समाधाननी बारा मोजल्या, आप्पासाहेबांनी सही केली. नव्या रिंगा संध्याकाळपर्यंत बसणार होत्या.

"आता तुमचं," आप्पासाहेब म्हणाले. "लेखी खुलासा द्या. शिक्का एक एप्रिलला नाही. सहा महिन्यांनी बघू."

"हो साहेब."

"आणि इंगोले, काल मी जे लिहू म्हणालो होतो, ते लिहून बसलो असतो तर माझाही खुलासा लागला असता. तेवढ्यापुरते आभार."

पेठेतल्या माणसाकडून हे पुष्कळच होतं. समाधान प्रेमलाबाईंना रिक्षापर्यंत पोचवायला बाहेर आले. शेताकडून गुळमट वास येत होता. मागे नव्या रिंगा बसलेल्या पहिल्या इंजिनाने खोकल्यासारखा आवाज केला आणि ते सुरू झालं. समाधाननी मान वळवून ऐकलं, पुरतं ऐकलं, आणि मगच बोलले.

"काकू, आज काय लिहाल?"

"झालं ते."

"शिक्क्याचंही?"

"एक ऑक्टोबरच्या पानावर आत्ताच टाचण करून ठेवते. त्या दिवशी विचारीन."

"पूर्णिमाला चक्क्याचं काय सांगू?"

"चक्का टांगू दे. श्रीखंडाला शिक्का लागत नाही."

तेव्हा कुठे ते हसले. नळाची रिंग येताना हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, म्हणाले. प्रेमलाबाईंनी बजावलं, आणाल ती दुकानातून आणा आणि पाकिटासकट माझ्या हातात द्या. पण जेवणाच्या सुट्टीत समाधान गेले तेव्हा दुकान बंद होतं, ते चारला उघडतं. आणि चारला समाधान चौथ्या इंजिनाच्या गाळणीवर झाकण बसवत होते, ऋतुजा शेजारी उभी राहून बघत होती.

संध्याकाळी प्रेमलाबाईंनी तारीख घातली, गुरुवार, ६ मार्च २०२५. रिक्षा, रिंगा, दोन रेघा, शनिवारची ती मुलगी, खुलासा, सगळं क्रमाने लिहिलं. झेरॉक्सची एक प्रत त्या मागून घेऊन आल्या होत्या, ती चिकटवली. खाली दोन ओळींची जागा उरली, तिथे लिहिलं :

"गॅस आला. स्वयंपाकघरातला नळ सोडला की मानेतून पाणी येतं. जुन्या पंच्याचं फडकं गुंडाळलं आहे."