मामाच्या आधी
मोहाच्या फुलांचा गोड-आंबूस वास आला की चैत्रातली भोजपूरची सहल आठवते. लेक सहा महिन्यांची होती. तिचं उष्टावण नागपूरच्या मामाच्याच हातून, चांदीच्या वाटीतूनच व्हायचं, असा माझा हट्ट. मी बावळट, उकळलेल्या पाण्याचा थर्मास शोधायला वळले, तेवढ्यात तिनं सतरंजीवर पडलेलं मोहाचं फूल मटकावलं. मला रडूच फुटलं. सासूबाई हसल्या, “अगं, पोरीनं आपल्या हातानं उष्टावण उरकलं! मामाला आता नुसतं जेवायला बोलाव.” त्यानंतर ती कशासाठीच कुणाच्या हाताची वाट पाहत बसली नाही. आज तीच लेक आपल्या तान्हीला घेऊन, थर्मास सांभाळत भोजपूरला निघालीय. सतरंजी मात्र मी टाकणार आहे, मोहाखालीच.