मस्कतला गेलेलं लग्न

बल्लारपूरला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. रस्त्यापलीकडं माझ्याच जुन्या दोस्ताचं. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडं कॅमेरा धरायला शिकलो. कॅमेऱ्यात मी सरस, हे तोही मानायचा. पण त्यानं ब्रॉडबँड घेतलं, गिऱ्हाईक तिकडं वळलं, आणि त्याच्या दुकानाच्या शटरचा आवाजही मला सोसेना.

एका उन्हाळ्यात अहेरीच्या नर्सबाईंच्या मुलीचं लग्न मी शूट केलं. मुलीचा भाऊ मस्कतला नोकरीला. सुट्टी न मिळाल्यानं तो आला नव्हता. बाई मांडवातच म्हणाल्या, "भाऊ, माया पोराले सारं दिसलं पायजे बरं."

मी जीव ओतला. पंचशील म्हणताना नवरीचा कापरा झालेला आवाज, निरोपाच्या वेळी बाईंनी मुठीत धरून ठेवलेला तिच्या पांढऱ्या साडीचा पदर, सगळं टिपलं. डीव्हीडी कुरिअरनं पाठवली. ती पोचली मधोमध तडकून.

दुसरी पाठवतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. समोरचे भाऊ नेटवरून पाठवून देतो म्हणाले." घरची डीव्हीडी त्यांनी त्याला देऊनही टाकली होती.

काही दिवसांनी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि आधी त्याच्याकडं गेल्या. परतताना मलाही एक पेढा दिला. "पोरगा फोनवर ढसाढसा रडला. त्या भाऊचे लई उपकार झाले."

लग्न कुणी टिपलं, ते राहूनच गेलं. पेढा तसाच काउंटरवर ठेवला. मी तडक रस्ता ओलांडला.

"काऊन रे, मायं गिऱ्हाईक पळवतं?"

"बस आधी," तो म्हणाला. त्यानं कॉम्प्युटरवर दाखवलं. फाईल एवढी मोठी की एकदम जाईना, म्हणून त्यानं तिचे तुकडे केले होते. लाइट गेली की नेटवर चढत आलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून चढवायचा. "तुकडे करताना लई जड गेलं," तो म्हणाला. "कुठी तोडावं समजेच नाई. तुनं फालतू काई घेतलंच नाई."

त्यानं फुशारकी मारली असती तर भांडून मोकळा झालो असतो. त्या कौतुकानं जास्तच जळलो.

"मले शिकव," मी म्हणालो. त्यानं तिथंच बसवून शिकवलं, काही हातचं न राखता. त्याच्या जागी मी असतो तर शिकवलं नसतं, हे कळत होतं, आणि त्याचाही हेवा वाटत होता.

दिवाळीनंतर मीही कनेक्शन घेतलं. मुलचेऱ्याकडच्या एका लग्नाची फिल्म नवरदेवाच्या काकांना कोलकात्याला पाठवली. नवरदेवाचे वडील खूश होऊन दुकानात आले. "पोचली भाऊ, एकदम साफ दिसली. समोरच्या भाऊकडूनच पाठवली ना?"

"नाई! म्या पाठवली!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडून दोस्तानं मान बाहेर काढली आणि तो हसला.

ते हसणंही मला आवडलं नाही.