एकोडीच्या चंद्रकुमारची पाणीपाळी

चंद्रकुमार आमच्या एकोडीचा. दिवसभर साकोलीत एका दुकानात कॉम्प्युटर चालवतो आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरलाच चिकटतो. त्याची बायको मेघा म्हणते, "माह्यापेक्षा त्या डब्ब्याशीच जास्त बोलते हा माणूस." मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या बांध्याही, म्हणजे धानाची शेतं, एकमेकींना लागून. त्यामुळे त्याच्यावर चिडण्याचा मला पूर्ण हक्क आहे.

तर या गड्यानं एक ॲप बनवलं, 'पाणीपाळी'. गावतलावाचं पाणी कोणाच्या धानाला केव्हा, यावरून दरवर्षी फक्त डोकी फुटायची बाकी राहत. ॲपमध्ये सगळ्यांची नावं क्रमानं लावलेली. पाळी आली की फोन वाजतो, आपण 'हो' दाबायचं. मग तो फोन तलावाच्या तुडमावर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर बसणाऱ्या भैय्यालालला दाखवायचा; जो दाखवेल त्याच्या पाटाला तो पाणी वळवतो. तासाभरात उत्तर आलं नाही तर पाळी पुढच्याला. भांडणं थांबली, हे मान्य करायलाच हवं.

गड्यानं पैसा घेतला नाही. वर सगळा प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवला. कोणीही पाहावा, सुधारावा, आपल्या गावाला न्यावा. "हे फुकट नाही, मुक्त आहे," असं तो बोट नाचवून सांगायचा. गावानं त्यातलं 'फुकट' तेवढं ऐकलं.

सुरुवातीलाच कुंताबाईनं विचारलं होतं, "भाऊ, चुकून 'नाही' दाबलं तं मागं कसं जाचं?" चंद्रकुमार तेव्हा हवेत होता. म्हणाला, "वाचून दाबत जा ना. समजत नसंल तं वापरू नका, जबरदस्ती थोडी आहे?" संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. त्यानंतर त्यानं कोणालाही विचारलं, कसं चाललंय, की उत्तर एकच: "मस्त!" आणि हा शहाणा ते खरं मानायचा.

गावही काही कमी नाही. आमच्याकडे पंगतीला बसलेला माणूस भाजी अळणी आहे म्हणून वाढणाऱ्याला सांगत नाही. पत्रावळीच्या कडेला सारतो, वर "झकास झाली" म्हणून उठतो. ॲपलाही गावानं तोच न्याय लावला.

आता कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणी आजारी पडतं, तेव्हा शेजारीशेजारी पाळीची अदलाबदल करायची, ही आमची जुनी रीत. ॲपमध्ये तिला जागाच नव्हती. गावानं चंद्रकुमारला सांगितलं नाही. काय केलं? फोन बदलले. तुझी पाळी मला, तर तुझा फोनही मला! अख्खा हंगाम लोक एकमेकांचे फोन खिशात घालून हिंडत होते, एकीच्या जावयाचे फोन दुसरी उचलत होती, आणि ज्यानं ॲप बनवलं त्याला याचा वासही नव्हता.

यंदा तलाव लवकर आटला. ही फेरी शेवटची, मग तुडूम बंद, उरलेलं पाणी गुराढोरांना, असं भैय्यालालनं जाहीर केलं. उषाबाईचा धान पोटरीवर होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. तिच्या घरचा वर्षाचा तांदूळ त्याच एका बांधीतून येतो. हे पाणी चुकलं असतं तर दाणा भरलाच नसता.

तिची पाळी सोमवारी होती, शेजारच्या पुष्पाबाईची बुधवारी. पण पुष्पाबाईला मंगळवारी बपेऱ्याला माहेरी जायचं होतं. दोघींनी फोन बदलले. पुष्पाबाईनं सोमवारी पाणी घेतलं आणि उषाबाईचा फोन घेऊनच गेली. बुधवारी दुपारी पुष्पाबाईचा फोन उषाबाईच्या हातात वाजला. वाजला, पण उघडेना. कुलूप पुष्पाबाईच्या बोटाचं, आणि बोट बपेऱ्याला! तास सरला, पाळी पुढच्याला गेली.

संध्याकाळी उषाबाई चंद्रकुमारच्या अंगणात आली. मी तिथंच होतो.

"माही पाळी गेली, चंदू."

त्यानं पाहिलं. "तुमची तं सोमवारीच झाली, काकू. हे पाहा, 'हो' दाबलं आहे."

"ते पुष्पानं दाबलं. माह्या फोनवर."

"तुमचा फोन तिच्यापाशी काहून?"

मग सगळंच बाहेर आलं. चंद्रकुमारचा पारा चढला. "फोन बदलाले कोणं सांगतलं तुमाले? मले सांगाचं ना!"

"कसं सांगाचं?" उषाबाईचा आवाज फाटला. "तू फुकटात देऊन राहिला. त्याले नावं कशी ठेवाची? अन् कुंताबाईले काय बोलला, ते साऱ्या गावाले माहीत आहे. मंग कोण सांगन तुले?"

बरं झालं, असं मला मनापासून वाटलं. चंद्रकुमार पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"चूक माही आहे, काकू," तो म्हणाला. "शेवटचं नाव माहंच आहे, उद्या सकाळचं. ते पानी तुम्ही घ्या."

"अन् आपला धान?" दारातून मेघा म्हणाली.

"आपली बांधी तलावाच्या पोटाशी आहे, ओल आहे अजून. थोडा कमी पिकंल."

मेघानं उषाबाईकडे पाहिलं. "द्या मंग," नवऱ्याला म्हणाली.

पण द्यायची कशी? क्रम बदलायचा अधिकार त्यानं मुद्दामच स्वतःकडे ठेवला नव्हता, नाहीतर हा आपल्याच माणसांना पाणी देतो असं गाव म्हणालं असतं. तो आपल्याच ॲपमध्ये खालीवर बोट फिरवत राहिला. वाट सापडेना. अखेर त्यानं फोनचं कुलूप काढून टाकलं आणि फोन उषाबाईच्या हातात दिला. मला हसू आवरेना. मेघाही हसली, आणि मग तोही.

सकाळी पाणी उषाबाईच्या बांधीत शिरलं. चंद्रकुमार बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. तिनं फोन परत दिला.

"पानी भेटलं, बाबू. आता राग नको येऊ देऊ, एक सांगाचं आहे. तुहं हे उन्हात दिसतच नाही. मले पदराखाली धरून पाहा लागलं."

त्यानं फोन उन्हात धरला, तिरपा केला, डोळे बारीक केले. मग तिचा पदर मागून घेतला आणि त्याखाली डोकं घालून पाहिलं.

"खरंच दिसत नाही, काकू," पदराखालून आवाज आला. "आज मी साकोलीले नाही जात. आखीन काय काय आहे, सारं सांगा."

उषाबाई धुऱ्यावर बसली आणि सांगू लागली.