बाईंनी तोंड फिरवलं नाही

आमच्या कारखान्यात शिलाईच्या लाइनीवर मोबाइल चालत नाही. म्हणून त्या दिवशी सुपरवायझरनं मशीनजवळ येऊन हातानंच "फोन, फोन" अशी खूण केली, तेव्हा हातातलं शिवण तसंच सोडून मी उठले. घरून कामाच्या वेळेत फोन येतो तो चांगल्यासाठी येत नाही. पलीकडे आबा होते. माझे वडील. "बाई गेल्या," म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेल्या?" आबांनी तेच पुन्हा सांगितलं, "बाई गेल्या."

बाई म्हणजे आमच्या वाटूरच्या शाळेतल्या सुमनबाई. आई वारली आणि धाकट्या भावंडांपायी माझी शाळा सातवीत सुटली. मी आता दूर तिरुपूरला शर्टाच्या कॉलरी शिवते. असं छापून येण्यासारखं मी कधी लिहिलेलं नाही. पण बाईंबद्दल कुणी लिहिलंच नाही तर, या भीतीनं लिहायला बसले आहे.

शाळा सुटलेल्यांसाठी बाई दर रविवारी बुद्धविहाराच्या ओसरीत वाचायच्या. त्यांच्याकडे विलायती भयकथांची जुनी मराठी पुस्तकं होती, पडके किल्ले, वादळं, भुतं. पण आमची खरी गोष्ट एकच होती. एक शिकलेला माणूस रात्रंदिवस खपून मढ्यांच्या तुकड्यांतून एक माणूस तयार करतो, आणि त्यानं डोळे उघडताच घाबरून त्याला टाकून पळतो. तो बिचारा कुरूप, अगडबंब, जाईल तिथं दगड खातो. शेवटी तोही माणसं मारायला लागतो. वाचून झालं की बाई निवाडा लावायच्या. एकानं बनवणारा म्हणून उभं राहायचं, एकानं राक्षस म्हणून, बाकीच्यांनी दोघांना प्रश्न विचारायचे.

गयाआजी सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत तिखट. पहिल्याच निवाड्यात ती उसळली. "येवढं जाडजूड पुस्तक, न् त्या लेकराला नाव न्हाई?"

"लिहिणारीनं दिलं न्हाई, आजी," बाई म्हणाल्या.

"मंग आपण देऊ. बिननावाचं लेकरू बिघडतंच."

आम्हाला वाटलं आजी बोलून गेली. पुढच्या रविवारी बघतो तर ओसरीच्या खांबांना लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत टोपरं घातलेला वरवंटा, आणि पातेलंभर घुगऱ्या! राक्षसाचं बारसं. बायकांनी नावांचा कालवा केला. आजीनं झोळीत तोंड घालून सांगितलं, "बारक्या." कुणीतरी म्हणालं, "अगं, तो आठ फूट उंच हाय!" आजी म्हणाली, "आईला बारकाच असतोय." बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला, आणि चष्मा उचलता उचलता त्या रडायला लागल्या.

पण बाईंनी बारक्याला सोडलं नाही. बायका त्याची बाजू घ्यायला लागल्या की त्या म्हणायच्या, "त्यानं एका लहान पोराला मारलंय. हात त्याचेच होते. त्याचा गुन्हा आपल्याला पुसता येत न्हाई." मग जरा थांबून, "पण बापाचा गुन्हा आधीचा हाय. बनवायची हौस होती, वागवायची तयारी न्हवती." तेव्हा मला ती गोष्ट फक्त गोष्टच वाटायची.

तिरुपूरची नोकरी बाईंनीच शोधली. आबा तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "पाठवा. मी जिम्मेदार." पहिल्याच पावसाळ्यात मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. त्यावर ताप चढला, त्यात मोबाइल बंद पडला. वाटूरच्या फाट्यावर कुणीतरी बोललं, बाईनं पोरगी विकली. एकदा बोललं की ते गावभर झालं. आबा बाईंच्या घरासमोर उभे राहून नको नको ते ओरडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिरुपूरला यायला जालन्याहून गाडी धरली.

गुडघे सुजलेले, तमिळ एक अक्षर येत नाही, वाटेत दोनदा गाडी बदलायची. कारखान्याच्या हॉस्टेलच्या गेटवर त्या नुसतं माझं नाव घेत राहिल्या. मी खाली आले तेव्हा त्या आपल्याच पिशवीवर बसल्या होत्या. पायांत चपला मावत नव्हत्या, म्हणून त्या हातात धरलेल्या.

"बाई, तुम्ही कशाला आल्या एवढ्या लांब?"

"तुला धाडलं कोणी? मीच ना? मंग यायचं कोणी?"

माझं बोट त्यांनी कितीतरी वेळ आपल्या हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "घरी यायचं का? खरं सांग. माझी लाज राखायला इथं राहू नको." मी राहते म्हणाले, पण बोटात सुई घुसली त्या मशीनवर नको. बाईंनी खाणाखुणा करून, रागावून, हसून सुपरवायझरला ते समजावलं. मला कॉलरीची मशीन मिळाली. आज माझ्या भावंडांची शाळा त्या मशीनवर चालते.

पुढचं मला गयाआजीनं फोनवर सांगितलं. बाई गावी परतल्या आणि रविवारी ओसरीत पुस्तक न घेताच आल्या. "आज गोष्ट न्हाई. आज बनवणारी मीच उभी हाय. इचारा." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आधी तुम्ही."

आबा उठले. "माझ्या लेकीचं काई बरंवाईट झालं असतं तर?"

"तर मी दोषी."

"आन् आता न्हाई झालं, म्हणून सुटल्या का?"

"न्हाई. ती तिथं हाय तवर मी बांधलेली हाय."

गयाआजीला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "बारक्याच्या बापापेक्षा तर शहाणी निघालीस गं बाई." कुणी हसलं नाही. आबा निघून गेले. पण पुढच्या रविवारी येऊन पायरीवर बसले, आणि नंतर कधी चुकले नाहीत.

बाई गेल्यावर मला सुट्टी मिळून मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. राहिलं होतं ते पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठी विहारात करायची वंदना. त्या गोष्टीत शेवटी बनवणारा मरतो, आणि राक्षस कुठून तरी त्याच्या मढ्यापाशी येऊन रडतो. बाई ते वाचत होत्या तेव्हा मी चिडून विचारलं होतं, आता कशाला आला हा? गयाआजी म्हणाली होती, "त्याला दुसरं होतंच कोण?" बाई, त्याला निदान मढं तरी दिसलं हो… मला तेवढंही मिळालं नाही. त्याला माफी मागायची होती. मला फक्त सांगायचं होतं की मी बरी आहे, बोट आता दुखत नाही, आता तुम्ही सुटलात. तुम्ही बांधलेल्याच गेलात.

संध्याकाळी आबा मला बाईंच्या घरी घेऊन गेले. किल्ली त्यांच्याकडेच आहे. बाईंच्या भाच्यानं दिली म्हणाले. घर झाडलेलं, माठ भरलेला, माठावर पेला पालथा.

"पाणी कोणासाठी भरता, आबा?"

"बाईनं किती जणांना कुठं कुठं धाडलंय, कुणाला ठावं," आबा म्हणाले. "एखादं माघारी आलं, तर कुलूप दिसू न्हाई."

त्यांनी पेला सरळ केला, भरला आणि माझ्यासमोर धरला. तो घेतला की बाई खरंच गेल्या असं होणार, म्हणून माझ्यानं तो घेववेना. आबा तसेच हात पुढे करून उभे राहिले…