चुलत पणजोबांची घागर

आमच्या चुलत पणजोबांनी पिंपळनेरजवळचा खडकाळ माळ फोडून शेत केले, विहीर खणली आणि ते निपुत्रिक गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर त्यांची मुले भरतात. चुलत पणजोबांची कोणीच भरत नसे. वंशावळ लिहिताना मीही त्यांच्या नावाखाली रेघ ओढली.

गेल्या आखाजीला त्या विहिरीवर एक अनोळखी म्हातारी भरल्या घागरीशेजारी बसून तिच्यावर ठेवायचे खरबूज पदराने पुसत होती.

“कोणासाठी?” मी विचारले.

त्यांच्या शेताचा आताचा धनी मी, हे तिला ठाऊक असावे.

“ज्यानी विहीर खंदी, त्यानासाठे. बठ्ठी वस्ती आठलं पानी पेस. तुम्ही नुसतं शेतच खातस का, आबा?”

सगळी वस्ती जिचे पाणी पिते, त्या विहिरीपाशी मी वहाणा काढल्या आणि घागरीला नमस्कार केला. त्या बाईचा मी ऋणी आहे.

यंदा घागर मी भरून नेली. खरबूज घेऊन ती आधीच काठावर बसली होती.