शुक्रवारी पंप बंद ठेवणारा जॉबर

लूमच्या नुसत्या आवाजावरून जॉबर सांगायचा, कुठला नट ढिला झालाय. स्वतःच्या छातीतली शिट्टी मात्र त्याला ऐकू यायची नाही. कोणी म्हटलंच, तर तो वरच्या पंख्याकडे बोट दाखवायचा.

जॉबर माझा धाकटा दीर. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली, म्हणून घरातही सगळे त्याला जॉबरच म्हणायचे. मी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. मी चौथी शिकलेली, तो सातवी. त्या तीन इयत्तांचा माज त्याने जन्मभर केला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दम्याचा पंप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. पठ्ठ्याने तो पान्यांच्या पिशवीत लपवला. लोक म्हणतील, जॉबर संपला. शिवाय पंपाची सवय लागते, फुप्फुसं आळशी होतात, असं त्याला टपरीवर कळलं होतं. हे मला सांगताना त्याच्या तोंडात तंबाखू. तिची सवय लागेल ही भीती चाळीस वर्षांत त्याला शिवली नव्हती.

मग त्याने स्वतःचाच कायदा काढला. आमच्याकडे लूमना शुक्रवारी सुट्टी. जॉबर पंपालाही सुट्टी द्यायचा.

"लूम बंद, धूळ बंद. मग पंप कशाला चालू ठेवाचा, वहिनी?"

मी विचारलं, शुक्रवारी जेवता ना भावजी?

दिवाळीला कारीगर आपापल्या मुलखात गेले आणि कारखाना पंधरा-वीस दिवस बंद झाला. जॉबरने पान्यांना तेल लावून फडक्यात बांधलं, त्यातच पंपही बांधला आणि वळ गावच्या घरी आला. बाराव्या दिवशी सकाळी पाहते तर ओटीवर गुडघ्यांना हात टेकून बसलेला, ओठ निळे. मला टोमणा मारायला गेला, तो अर्ध्यातच राहिला. तेव्हा मी घाबरले. रिक्षात त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

चार दिवसांनी श्वास जाग्यावर आल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "जन्मभर घेतला तर आत काय झिजंल का?"

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, औषध थोडंसं असतं आणि थेट श्वासनळीत जातं, त्याचं व्यसन लागत नाही. कधी घसा बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात, म्हणून घेतल्यावर चूळ भरायची. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं, डोळे तपासून घ्यावे लागतात. म्हणून दर तीन महिन्यांनी या, जेवढ्यावर भागेल तेवढाच ठेवू. "पण आपल्या मनाने बंद करू नका, काका. बरं वाटलं तरी आतली सूज असते."

त्यानंतर जॉबर बदलला, म्हणजे दुसऱ्या बाजूने त्रास द्यायला लागला. चूळ इतक्या आवाजाने भरायचा की शेजारची कुत्री उठायची. डोस निम्मा झाला तेव्हा पेढे वाटले. कोणी न विचारता पंप ओढायला शिकवायचा. आधी श्वास सोडा, मग हळू ओढा, मग दहा आकडे धरून ठेवा. माझ्या खोकल्यालाही तो पंपच सुचवायचा. मला दमा न्हाय, हे त्याला पटायचं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मागच्या वर्षी दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं.

भेटायला आलेल्या बायका ओटीवर बसून म्हणू लागल्या, एवढी वर्षं पंप ओढला, त्यानेच खाल्लं त्याला. त्याची मुलगी मंदा वडप्याहून आली होती. तिलाही दमा. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर पोरगी दोन पायऱ्या चढून थांबत होती. पंप कुठे, म्हणून विचारलं.

"सोडला, काकी. बाबांचं पाहिलं ना."

"काय पाहिलंस? तुझा बाप त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग गेला. भांडायला श्वास लागतो. आण तो पंप."

मंदाने पिशवीतून पंप काढला आणि सगळ्यांसमोर घेतला. मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. कोणी काही बोलायच्या आत म्हटलं, आता विषय बदला.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती मोरीत भांडी घासत होती. तिनेच मान वर न करता सांगितलं, "घेतला, काकी."