कडुलिंबापर्यंतची ओळ

नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी मी स्वतःसाठी दोन वस्तू आणल्या: चालण्याचे पांढरे बूट आणि लिहिण्याचे शिसवी मेज. बूट दाराशी ठेवले, मेज खिडकीशी. पहाटे फिरून यावे आणि अंगातली ऊब ओसरण्याआधी लिहायला बसावे, असा बेत होता. उभे आयुष्य मुलींना वृत्ते शिकवण्यात गेले होते. लघुगुरूंच्या जागा मला झोपेतही चुकल्या नसत्या. माझ्या स्वतःच्या ओळी मात्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली निमूट पडून राहिल्या होत्या. आता त्या आपणहून वर येतील, अशी माझी समजूत होती.

बेत मोडला तो पाण्याच्या दिवशी. बेगमपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या सकाळी घरोघरी मोटारी घुमू लागतात, ओल्या सिमेंटचा गार वास दारापर्यंत येतो आणि बादलीखेरीज कुणाला काही सुचत नाही. त्या दिवशी फिरणे राहिले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. महिन्याभरात बुटांवर धूळ बसली आणि मेजावर निवडायची मेथी.

भिंतीपलीकडे आपा राहत. मुलींच्या शाळेत उर्दू शिकवून त्या माझ्या बऱ्याच आधी निवृत्त झालेल्या. त्या हिवाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि गुडघ्याची वाटी तडकली. प्लास्टर निघाले तेव्हा पाय काठीसारखा सरळ राहिला होता. व्यायाम करून घ्यायला कन्नड तालुक्याकडची एक तरुण फिजिओथेरपिस्ट स्कूटरवरून येई. तिने पहिल्याच दिवशी बजावले होते, “आपा, आत्ताच वाकवला तर वाकंल. एकदा आखडून बसला की मग कुणाच्या हातात नाय.”

आपांना त्या गुडघ्याची गरज एकाच गोष्टीसाठी होती. नमाज त्या आता खुर्चीवर बसून पढत. “कुर्सी पे बैठ के झुके, तो लगता किसी दफ्तर में दरख्वास्त दे रहे,” त्या मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण हात त्या सरळ पायावरून फिरत राहिला. कपाळ पुन्हा जमिनीला टेकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तरीही व्यायामाला त्या तयार नसत. तख्ताच्या कडेला बसून टाच मागे ओढायची, ओढ बसेपर्यंत थांबायचे, सोडायचे.

“अजून एकदा, आपा.”

“झालं की आता.”

“लई नाय. एकदाच.”

“तू रोज हेच म्हणतीस. एकदाच, एकदाच! तेच तेच करायला मी काय गिरणी आहे?”

ती फिजिओथेरपिस्ट मुलगी हताश होऊन शेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहू लागली. मी सहज म्हटले, “आपा, मुशायऱ्यात शेर पुन्हा पुन्हा ऐकता, तेव्हा कंटाळा येत नाही तो?”

मग त्यांनी मला त्यांच्या लहानपणीचे मुशायरे सांगितले. बायका चिकाच्या पडद्यामागे बसत. शेर आवडला की पुरुषांच्या बाजूने ‘मुकर्रर!’ अशी आरोळी उठे, म्हणजे पुन्हा म्हणा, आणि शायर ओळ पुन्हा म्हणे. पडद्यामागून आवाज बाहेर जाणे मात्र रीतीत बसत नसे. “हमारे हिस्से के मुकर्रर मुँह में ही रह गए, बाई.”

त्या संध्याकाळी आमचा सौदा ठरला. मुशायऱ्याच्या रीतीप्रमाणे एक ओळ आधी देतात आणि तिच्यावर शेर पुरा करतात. आपा सकाळी फाटकाशी मला अशी एक ओळ देणार. गल्लीच्या टोकाला, वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेस थांबतात त्या कडुलिंबापर्यंत आम्ही चालणार, आणि तिथे पोचताच मी तिची जोडओळ म्हणायची, मराठीतून. ओळ त्यांना आवडली तर त्या मुकर्रर म्हणणार, मी ती पुन्हा म्हणणार आणि आम्ही आणखी एक फेरी घालणार. ओळ सुचली नाही तर त्या पारावर बसणार आणि त्या दिवशी गुडघा वाकवणार नाहीत.

“ही जबरदस्ती आहे,” मी म्हटले.

“तुमच्यावर की माझ्यावर?” त्यांनी विचारले.

पहिल्या सकाळी हवेत लाकडाचा धूर आणि कुणाच्या तरी चहातल्या आल्याचा वास होता. आपांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवून ओळ दिली:

धूप भी दीवार लाँघी, देर तुम क्यूँ कर रहे

त्यांची काठी आणि दोन पाय मिळून तिघांची एक वेगळीच लय फरशीवर उमटत होती. मी तीच कानात धरून चालले. कडुलिंबाखाली पोचताच मी म्हटले:

उंबऱ्याशी थांबले मी, ओळ अजुनी चालते

आपांनी पारावरच्या गार दगडाला हात टेकला, डोळे मिटले आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या खड्या आवाजात म्हणाल्या, “मुकर्रर!” बसची वाट पाहणारे दोघे-तिघे कामगार वळून पाहू लागले. आपांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली आणि पुढच्या फेरीला निघाल्या.

त्यानंतर बूट दाराशी कधी दिसले नाहीत, ते माझ्या पायांत असत. पाण्याच्या दिवशी आम्ही मोटार लावूनच निघत असू. घरी परतले की मी मेजाशी बसे आणि वाटेत सुचलेले पुढे चालवी. आपांचा पाय हळूहळू तख्ताखाली सरकू लागला.

मग मला त्या आरोळीची चटक लागली. एका पहाटे उठून मी मेजाशी आधीच झगमगत्या ओळी घडवून ठेवल्या. चांदण्यांना पैंजण बांधले, वाऱ्याला अत्तर लावले. कुठलीही ओळ दिली तरी शेजारी बसेल अशी प्रत्येकीची कड घासून घेतली. आपांनी पहिल्या ओळीला मुकर्रर म्हटले. परतताना मी दुसरी काढली, तिलाही म्हटले. त्यांच्या तोंडात साठून राहिलेले सारे मुकर्रर त्या सकाळी बाहेर पडत होते. मी ओळी देत गेले, त्या चालत गेल्या, ऊन भिंतीवरून गल्लीत उतरले तरी आम्ही चालतच होतो.

दुपारपर्यंत गुडघा सुजून गरम झाला. फिजिओथेरपिस्ट आली, तिने हात लावून पाहिला आणि माझ्याकडे वळली. “काय मॅडम, तुमी तरी! शाबासकी द्यायची म्हणून कुणी पाय तोडून चालतं व्हय?”

“त्यांना नको बोलू,” आपा म्हणाल्या. “ओळी अच्छ्या होत्या.”

सूज उतरेपर्यंत विश्रांती सांगितली गेली. ते दिवस मला फार लांब वाटले. आपा आडव्या, पलीकडे शांतता. मी मेजाशी बसे, पण पायांखाली वाट नसली की कागदावर काही उमटत नसे. पाय पुन्हा आखडला तर, ही भीती उन्हाबरोबर भिंत चढून रोज माझ्या खोलीत येई. सूज उतरली, फिजिओथेरपिस्टने हळू चालायची मुभा दिली, तरी आपा उठल्या नाहीत. “पाय घाबरलाय,” त्यांची सून म्हणाली.

त्या दिवशी पाणी दुपारी आले. भांडी भरून मी जेवायला बसले आणि घास हातात असतानाच एक ओळ सुचली. तशीच भिंतीपाशी गेले आणि हाक मारून म्हटली:

आज नळ आला दुपारी, भात झाला मोकळा

पलीकडे तख्त करकरले.

“बाई, ये शेर है या खाना?”

“भूक लागली होती, आपा.”

“मुकर्रर नाही मिळायचा याला.”

“नको. एकाच फेरीची ओळ आहे.”

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. “थांबा,” त्या म्हणाल्या. “चप्पल घालते.”

त्या टळटळीत दुपारी आम्ही कडुलिंबापर्यंत गेलो, बसलो आणि परत आलो. त्यानंतर मी अशाच ओळी नेत गेले: कूलरमधल्या ओल्या वाळ्याच्या, बसच्या दारातून हसणाऱ्या मुलींच्या, पिवळ्या पडून गळणाऱ्या पानांच्या. बऱ्याच साध्याच निघत. आपा “चला” एवढेच म्हणत आणि आम्ही उद्यासाठी पाय राखून परतत असू. क्वचित एखाद्या सकाळी मुकर्रर मिळे आणि दिवसभर माझ्या कानात घुमत राही.

आंब्याचे दिवस सरत आले असताना एका सकाळी मी फाटकाशी वाट पाहत होते. आपा आल्या त्या काठीवाचून, पण हात रिकामे नव्हते. नमाजाची ती खुर्ची त्या समोर धरून आणत होत्या. त्यांच्या कपाळावर नमाजाच्या जाजमाच्या विणीचे बारीक ठसे उमटले होते.

त्यांनी खुर्ची माझ्या हातात दिली.

“तुमच्या मेजाला चांगली खुर्ची नाही, मी पाहिलंय. हिच्यावर बसून लिहा,” त्या म्हणाल्या. “लेकिन पहले चलो. आज की लाइन लंबी है.”